बोर्ड बदलल्यावर लॅपटॉप कोणाचा?

ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटायला रथातून आला आणि प्रश्नांत अडकला. आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? जू? तीही नाहीत. सगळं मिळून? तेही नाही. शेवटी राजालाच कबूल करावं लागलं, की हे भाग जुळून आले की लोक त्याला व्यवहारापुरतं रथ म्हणतात, इतकंच. तेव्हाच्या औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव आहे आणि परिसराला नागसेनाचं. तेव्हा मराठी मुलखाला ही जोडी परकी नाही.

हाच प्रश्न संगणकाला लावला की गंमत सुरू होते.

रॅम बदला, बॅटरी बदला, कीबोर्ड बदला. मशीन तेच राहतं, यावर कुणी वाद घालत नाही. मदरबोर्डाला हात लागला की मात्र मायक्रोसॉफ्टचा नियम आडवा येतो. मशीनसोबत आलेल्या विंडोजचा परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असतो. हौसेने वरचढ बोर्ड बसवला तर कंपनीच्या लेखी तो नवा संगणक, परवाना नव्याने घ्या. बिघडला म्हणून बदलला तर संगणक जुनाच. स्क्रू तेच, पेचकस तोच. ओळख ठरते बदलामागच्या कारणावरून. एवढी बारीक मेख नागसेनानेही मारली नव्हती.

मालकाचा हिशोब वेगळा असतो. ‘बोर्ड गेलाय, पूर्ण बदलावा लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही,’ असं म्हणत सर्व्हिस सेंटरवाला जॉबशीट सहीसाठी पुढे सरकवतो. पूर्वी अशा वेळी हार्ड डिस्क काढून पिशवीत टाकता यायची. २०१६ साली टच बारवाले मॅकबुक प्रो आले, त्यांत साठवणुकीच्या चिप थेट बोर्डावरच सोल्डर केलेल्या होत्या. अशा मशीनचा बोर्ड गेला आणि बॅकअप नसला, की लेकीच्या बारशाचे फोटोही बहुधा गेलेच. कागदोपत्री तेच मशीन परत मिळतं. मालकाला ते उसनं आणल्यासारखं वाटतं. माणसाचं ‘मीपण’ स्मृतीत शोधणारा तत्त्वज्ञ जॉन लॉक या भांडणात बहुतेक मालकाच्या बाजूने उभा राहिला असता.

बरं, बिघाड कुणाच्या कर्माचा? काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला: पाणी सांडलं का, पडला का? पण काही दोष जन्मजात असतात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक्स चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिप तापून-निवून तिच्या पोटातले सोल्डरचे सूक्ष्म सांधे तडकत होते. गरम हवेचा झोत मारला की स्क्रीन पुन्हा उजळायचा आणि काही दिवसांनी पुन्हा काळा पडायचा. दुरुस्तीवाल्याला शिव्या बसायच्या त्या या पुनर्जन्मासाठी.

नागसेनाने नाव देणं लोकव्यवहारावर सोपवलं होतं. आता ते काम कंपन्यांनी स्वतःकडे घेतलंय, आणि खरी तक्रार इथे आहे. २०२१ मध्ये आयफोन १३ चा स्क्रीन बाहेर बदलून घेतला की फेस आयडी बंद पडायचा. फोन नव्या स्क्रीनला आपलं मानत नव्हता. कारागीर मायक्रोस्कोपखाली जुन्या स्क्रीनवरची इवलीशी चिप उचलून नव्यावर बसवायचे, तेव्हा कुठे फोन मालकाचा चेहरा ओळखायचा. ओरड झाल्यावर अ‍ॅपलने सॉफ्टवेअर सुधारलं. म्हणजे अडचण भागात नव्हती, परवानगीत होती.

ओरेगन राज्याने २०२४ मध्ये भागांच्या अशा बांधणीवर कायद्याने बंदी घातली, पण ती १ जानेवारी २०२५ नंतर बनवल्या गेलेल्या उपकरणांपुरती. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. तिथे सर्व्हिस सेंटर, वॉरंटी, सुटे भाग यांची माहिती मिळते, आणि ती पुरवायची आहे कंपन्यांनीच.