कासादोर: सावज होणारा शिकारी

१६१५ साली सेर्वान्तेसच्या 'दोन किखोते' या कादंबरीचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. त्याच्या चौतिसाव्या प्रकरणात एक ड्यूक आपल्या पाहुण्यांना रानडुकराच्या शिकारीला नेतो. डुक्कर दिसताच दोन किखोतेचा सेवक सांचो पान्सा झाडावर चढायला धावतो, फांदी मोडते आणि तो अंगरख्यासकट मधेच लटकतो. त्याला खाली उतरवल्यावर जो वाद होतो, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही अशा जनावराला मारण्यात कसली मौज, असं हा अडाणी शेतकरी सरळ विचारतो. ड्यूकचं उत्तर ठरलेलं आहे. शिकार ही युद्धाची तालीम आहे, ती शरीर तयार करते, डावपेच शिकवते, आणि राजेलोकांना तिच्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही. सेर्वान्तेसनं या वादाचा निकाल दिलेला नाही.

निकाल लागला नाही म्हणूनच की काय, 'कासादोर' म्हणजे शिकारी ही प्रतिमा स्पॅनिश भाषकांच्या जगात जिकडेतिकडे फिरत राहिली. स्पेनच्या सैन्यात पहाडी लढाईसाठीच्या पलटणींना कासादोरेस म्हणतात. तरुण पोरं अंगात घालतात त्या आखूड जाकिटाचं नाव कासादोरा. कंपन्यांसाठी हुशार माणसं हेरणारा तो प्रतिभेचा शिकारी, आणि पडद्यावर भुतं पकडणारेही शिकारीच. मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातल्या एका प्रसिद्ध टकीलाचं नाव 'कासादोरेस' आहे, पण तिच्या बाटलीवर शिकारी नाही, शिंगांचा डौलदार हरिण आहे. नाव एकाचं आणि चित्र दुसऱ्याचं, ही अदलाबदल या संस्कृतीत फार जुनी आहे. शिकारी नेमका कोण आणि सावज कोण, हा प्रश्न तिथल्या चित्रकारांना पडला, संतांना पडला आणि तत्त्वज्ञांनाही पडला.

राजांचं उत्तर दरबारी चित्रांत दिसतं. १६३०च्या दशकात वेलास्केझनं चौथ्या फिलिपचं शिकाऱ्याच्या वेषातलं चित्र काढलं. माद्रिदजवळच्या एल पार्दोच्या रानात 'तोर्रे दे ला पारादा' नावाचा शिकारवाडा होता, त्याच्यासाठी. राजाचा भाऊ आणि लहानगा युवराज यांचीही अशीच चित्रं त्यानं केली. या चित्रांत मुकुट नाही, सिंहासन नाही. साधे मळकट रंगांचे कपडे, हातात बंदूक, पायाशी कुत्रा. पुढच्या शतकात गोयानं तिसऱ्या कार्लोसला याच थाटात रंगवलं. ऊन खाऊन रापलेला चेहरा, ओठांवर हसू आणि पायाशी झोपलेला कुत्रा. हा राजा जवळजवळ रोज शिकारीला जाई. त्याचे वडील आणि सावत्र भाऊ दोघेही खोल विषण्णतेनं ग्रासले होते. तीच व्याधी आपल्याला जडू नये म्हणून तो रानात जात असे, असं त्याच्या काळापासून सांगितलं जातं. म्हणजे या राजासाठी शिकार हा नुसता शौक नव्हता, मन ताळ्यावर ठेवण्याचा तो मार्ग होता.

स्पेनच्याच दरबारासाठी एक वेगळं चित्रही आधीच तयार झालं होतं. दुसऱ्या फिलिपसाठी टिशियननं १५५६ ते १५५९ या काळात 'डायाना आणि ॲक्टिऑन' रंगवलं. ॲक्टिऑन हा ग्रीक पुराणातला शिकारी. रानात भटकताना तो डायाना देवीला स्नान करताना पाहतो. देवी त्याला हरिण करून टाकते, आणि त्याचीच कुत्री त्याचे लचके तोडतात. वरवर पाहिलं तर ही पाप आणि शासन यांची कथा. पण तेव्हा स्पेनच्या अंमलाखाली असलेल्या नेपल्सच्या राज्यात जन्मलेल्या जोर्दानो ब्रूनोनं १५८५ साली तिचा उलटा अर्थ लावला. ब्रूनोच्या मते ॲक्टिऑन म्हणजे सत्याच्या मागावर निघालेली बुद्धी आणि कुत्री म्हणजे तिचे विचार. ज्या दिव्यत्वाचा पाठलाग केला ते आपल्यातच आहे हे कळतं, त्या क्षणी शिकारी स्वतःच सावज होतो. त्याचं जुनं जगणं त्याचेच विचार खाऊन टाकतात. १६०० साली रोममध्ये ब्रूनोला जिवंत जाळण्यात आलं.

ब्रूनोच्याच काळात स्पेनच्या कास्तिल प्रांतात दोन संत हीच गोष्ट प्रार्थनेच्या वाटेनं सांगत होते. आविलाची तेरेसा (१५१५–१५८२) कार्मेल संप्रदायातली जोगीण. तिच्या नावावर असलेल्या एका कवितेत देव हाच शिकारी आहे. त्याचा बाण प्रेमात बुडवलेला आहे, तो लागतो तेव्हा आत्मा घायाळ होऊन त्याच्या कुशीत पडतो, आणि त्या पडण्यातूनच त्याला नवं जीवन मिळतं. आत्मचरित्राच्या एकोणतिसाव्या प्रकरणात हाच अनुभव ती देवदूताच्या रूपानं सांगते. देवदूताच्या हातात सोन्याचा भाला आहे, तो तिच्या काळजात पुन्हा पुन्हा शिरतो, आणि ती वेदना तिला सोडवत नाही. पुढे बर्निनीनं रोममध्ये या प्रसंगाचं जगप्रसिद्ध शिल्प घडवलं. तेरेसाला संतपद मिळालं १२ मार्च १६२२ रोजी. त्याच दिवशी, त्याच समारंभात संतपद मिळालेल्यांत फ्रान्सिस झेवियर होते, ज्यांचं शव गोव्यात आहे.

तेरेसाचा तरुण सहकारी हुआन दे ला क्रूस (१५४२–१५९१) यानं बाजू बदलली. त्याच्या एका कवितेत शिकारी देव नाही, आत्मा आहे. तो ससाण्यासारखा सावजामागे झेपावतो, आणि ते सावज म्हणजे देव. गंमत अशी की हा ससाणा जितका नमतो तितका वर जातो. हाती काही लागणार नाही असं वाटण्याच्या टोकाला पोचल्यावरच सावज त्याला सापडतं. त्याचं 'आध्यात्मिक गीत' याहून गुंतागुंतीचं आहे. १५७७च्या डिसेंबरात त्याच्याच संप्रदायातल्या विरोधकांनी त्याला पकडून तोलेदोत कोंडलं. त्या अंधाऱ्या कोठडीत या गीताचा मोठा भाग आकाराला आला, आणि १५७८च्या ऑगस्टमध्ये तो तिथून निसटला. गीताच्या सुरुवातीला प्रियकर हरणासारखा पळतो, पण जखम झालेली असते ती मागे राहिलेल्या प्रेयसीला. म्हणजे पळणाऱ्या सावजानंच शिकार केली. पुढे तोच हरिण स्वतः घायाळ होऊन टेकडीवर दिसतो. हुआननं स्वतः लिहिलेल्या भाष्यात याचा उलगडा आहे: प्रेमात एकाची जखम दोघांची होते.

या अदलाबदलीची ओळख मराठी माणसाला आकाशातून झालेली असते. हिवाळ्यातल्या रात्री डोक्यावर येणारा ओरायन हा स्पॅनिश भाषकांसाठी कमरेला पट्टा बांधलेला शिकारी, आणि त्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना ते 'तीन मारिया' म्हणतात. आपल्याकडे त्याच ताऱ्यांत मृग आहे, ते तीन तारे त्याच्या अंगात रुतलेला बाण, आणि बाण मारणारा व्याध थोडा बाजूला चमकतो. तिकडे व्याधाचा हा तारा शिकाऱ्याच्या कुत्र्याचा आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३च्या 'ओरायन' ग्रंथात वेदांचा काळ ठरवताना याच मृगाच्या कथांचा आधार घेतला. तारे तेच, पण एका संस्कृतीनं तिथे मारणारा पाहिला आणि दुसरीनं मारला जाणारा.

संतांच्या या रूपकाला एक अडचण मात्र आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. तेरेसाचं सावज बाण लागल्यावर जिवंत होतं. सांचोनं पाहिलेलं रानडुक्कर मरतं.

ही अडचण विसाव्या शतकात एका तत्त्वज्ञानं हाती घेतली. होसे ओर्तेगा इ गासेत (१८८३–१९५५) १९४२ साली लिस्बनमध्ये होता. येबेसचा काउंट असलेल्या एका मित्राच्या शिकारीवरच्या पुस्तकाला त्यानं प्रस्तावना लिहिली, आणि ती प्रस्तावनाच पुढे स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचली गेली. ओर्तेगाच्या मते शिकाऱ्याचा हेतू मारणं हा नसतो. पण मरणाची शक्यता काढून टाकली तर उरतं ते शिकारीचं सोंग. म्हणून जनावराचे फोटो काढणं हा त्याला शिकारीचा पर्याय वाटत नव्हता. त्याच वेळी, समोर मेलेलं जनावर पाहून चांगल्या शिकाऱ्याच्या मनात खोल कुठेतरी चलबिचल होतेच, हेही त्यानं कबूल केलं. त्याचा सगळ्यात मोलाचा मुद्दा मर्यादेचा आहे. माणसाजवळ जनावराला सहज संपवण्याची ताकद आहे, पण खरा शिकारी ती सगळी वापरत नाही, जनावराला निसटायला वाव ठेवतो. आणि सावज कुठून येईल हे माहीत नसल्यामुळे तो सगळीकडे जागा असतो. हीच सावधानता तत्त्वज्ञाची, असं ओर्तेगा म्हणतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्येही सॉक्रेटिस न्यायाचा शोध घेताना आपल्या सोबत्यांना झुडुपाला वेढा घालणाऱ्या शिकाऱ्यांसारखं उभं राहायला सांगतो.

विचार देखणा आहे, पण त्यात हाकारे घालणारा माणूस कुठेच दिसत नाही. स्पॅनिश यादवी युद्ध १९३९ साली संपलं होतं आणि देशावर फ्रांकोची सत्ता होती. फ्रांको स्वतः शिकारीचा विलक्षण नादी. १९६१च्या नाताळच्या आदल्या दिवशी हातातली बंदूक फुटून त्याचा डावा हात जखमी झाला होता. याच राजवटीत कार्लोस साउरानं 'ला कासा' म्हणजे 'शिकार' हा चित्रपट केला, आणि १९६६ साली बर्लिनमध्ये त्याला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. युद्धात लढलेले तीन मित्र एका तरुणाला घेऊन ससे मारायला येतात. माळ तापलेला, आणि याच माळावर कधी काळी लढाई झालेली. दिवस सरता सरता त्यांच्या बंदुका सशांवरून एकमेकांवर वळतात. ड्यूकनं शिकारीला युद्धाची तालीम म्हटलं होतं. इथे युद्ध संपलं तरी तालीम चालूच राहिली.

मिगेल देलिबेसचं (१९२०–२०१०) उत्तर अधिक मोलाचं आहे, कारण तो स्वतः आयुष्यभर शिकारी होता. वायादोलिदच्या उघड्या माळांवर मैलोगणती पायपीट करत तितर मारणं हा त्याचा छंद. १९५५ सालच्या 'एका शिकाऱ्याची डायरी'त त्यानं शाळेतल्या एका शिपायाला शिकारी केलं. त्याची शिकार म्हणजे रविवारची मोकळी हवा, मित्र, कुत्री आणि रिकाम्या हातानं परतण्याची तयारी. १९८१ साली 'लोस सान्तोस इनोसेन्तेस' ही त्याची कादंबरी आली. तिथला शिकारी धाकटा जमीनदार इवान आहे. त्याचा चाकर पाको जमिनीला नाक लावून कुत्र्यासारखा तितरांचा माग काढतो. झाडावरून पडून पाकोचा पाय मोडतो तेव्हा इवानला आपला हंगाम बुडाल्याचं दुःख होतं. पाकोच्या जागी त्याचा मेहुणा, साधाभोळा असारियास येतो. त्या दिवशी पक्षी मिळत नाहीत, तेव्हा वैतागलेला इवान असारियासनं जीव लावून माणसाळवलेल्या पाखरावर गोळी झाडतो. पुढच्या शिकारीला असारियास इवानलाच झाडाला फास लावून मारतो. मारिओ कामुसनं यावर केलेल्या चित्रपटासाठी १९८४ साली कान महोत्सवात आल्फ्रेदो लान्दा आणि फ्रान्सिस्को राबाल यांना अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला.

शिपायाच्या आणि इवानच्या हातात बंदूकच आहे. पहिल्याला रान दमवतं, हुलकावणी देतं, कधी हरवतंही. इवानला वाटतं की आपण शिकारीच्या बाहेर उभे आहोत आणि बाकी सगळे, माणसं धरून, तिच्या आत. तेरेसा, हुआन आणि ब्रूनो यांच्या शिकाऱ्यांत आणि इवानमध्ये जो फरक आहे तोही हाच. तिथे जो माग काढतो तो स्वतः पणाला लागतो, पकडला जातो, बदलतो. ओर्तेगानं सांगितलेली मर्यादा शिकाऱ्यानं दाखवलेली उदारता म्हणून पुरेशी नाही. सावजाचा आपल्यावर हक्क आहे, या जाणिवेतून ती यायला हवी.

ही जाणीव किती सविस्तर पाळता येते हे मेक्सिकोतले विरारिका लोक दाखवतात. बाहेरचे त्यांना हुइचोल म्हणतात. दूरच्या विरिकुता या पवित्र वाळवंटात ते यात्रेला जातात ती पेयोते या निवडुंगाच्या शोधात. पण ते त्याला शोधणं म्हणत नाहीत, शिकार म्हणतात. त्यांच्या श्रद्धेत हरिण आणि पेयोते एकच. जिथे हरणाचं पाऊल उमटलं तिथे पेयोते उगवला. पहिला निवडुंग दिसला की दबकत जाऊन त्याच्यावर बाण सोडतात, मग त्याच्यापुढे नैवेद्य ठेवून प्रार्थना करतात. सावज इथे देव आहे आणि तो स्वतःला देतो. घेणाऱ्यावर त्याचं ऋण राहतं, म्हणून यात्रेआधी कबुलीजबाब आणि शुद्धी हवी, वाटेत उपास हवा.

स्पेनमध्ये हा हिशेब अलीकडे उघड्यावर आला. २०१२च्या एप्रिलमध्ये देश आर्थिक संकटात असताना राजे हुआन कार्लोस बोत्स्वानात हत्तींच्या शिकारीला गेले होते. तिथे पडून खुबा मोडला, म्हणून ही सहल लोकांना कळली. राजानं जाहीर माफी मागितली. त्याच जुलैत वन्यजीव रक्षणाचं काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या स्पॅनिश शाखेनं त्यांचं मानद अध्यक्षपद काढून घेतलं, आणि २०१४ साली त्यांनी गादी सोडली. वेलास्केझच्या चित्रातली साधेपणाची ऐट या राजाला लाभली नाही.

वाद मिटलेला नाही. ३ नोव्हेंबरला शिकाऱ्यांचा संत हुबर्ट याची मिस्सा अनेक गावांत होते. हुबर्ट रानात हरणामागे लागला, हरणाच्या शिंगांमध्ये त्याला क्रूस दिसला आणि तो गुडघ्यांवर बसला; रूबेन्स आणि ब्रूगेल यांनी मिळून रंगवलेला हा प्रसंग माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, आणि त्यात हुबर्टची कुत्रीही आहेत. काही ठिकाणी या मिस्सेनंतर शिकारी कुत्र्यांना आशीर्वाद दिला जातो. मात्र २०२३ साली स्पेननं प्राणिकल्याणाचा कायदा केला तेव्हा शिकारी संघटनांच्या दबावानंतर हीच कुत्री त्याच्या कक्षेतून वगळण्यात आली. हंगाम संपला की नकोसे झालेले गाल्गो जातीचे शिकारी कुत्रे रस्त्यावर सोडून दिले जातात, हे तिथल्या प्राणिरक्षकांचं जुनं दुखणं आहे. हुबर्टचं नाव घेणाऱ्या शिकाऱ्यांनी या वगळणुकीचं समर्थन करणं त्याच्या कथेशी जुळत नाही. कायद्यातली ती सूट रद्द करण्याची मागणी त्यांच्याच संघटनांकडून यायला हवी. ती त्यांनी केली, तर शिकार ही रानाशी इमान राखणारी गोष्ट आहे हा त्यांचा दावा विरोधकांनाही गंभीरपणे ऐकावा लागेल.