फिर्यादीविना गुन्हा

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात ‘पर्यावरण संवर्धन पोलीस’ हे स्वतंत्र दल असून, शिकारीचे व मासेमारीचे परवाने तपासणे, नौकांवर देखरेख ठेवणे आणि चोरट्या शिकारीचा तपास करणे ही त्यातील सशस्त्र, अटकेचे अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांची कामे आहेत. चोरी वा मारहाण झाली की कोणी तरी माणूस फिर्याद घेऊन येतो. रात्री दिव्याच्या प्रखर झोतात डोळे दिपवून मारलेल्या हरणाच्या बाबतीत असा फिर्यादी नसतो, आणि म्हणूनच हा अधिकारी नेमक्या कोणावरील अन्यायाचा जाब विचारतो, हा प्रश्न कायद्यापुरता न राहता नीतिशास्त्राचा होतो.

याचे जुने उत्तर मालकीचे होते. याच राज्यात उद्भवलेल्या ‘गीर विरुद्ध कनेटिकट’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये असे ठरवले की, रीतसर मारलेले पक्षीदेखील राज्याबाहेर नेण्याच्या हेतूने बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो, कारण वन्य जीव सर्व जनतेच्या समाईक मालकीचे असून राज्य ती मालकी जनतेच्या वतीने सांभाळते. 1979 मध्ये ओक्लाहोमातील लहान माशांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ही मालकी म्हणजे कायद्याने रचलेली कल्पना आहे असे मानून तो निर्णय रद्दबातल केला, तरी संवर्धनाचा राज्याचा अधिकार कायम ठेवला.

मालकी गेल्यावर उरते ते विश्वस्तपण, म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी एखादी गोष्ट सांभाळण्याचे बंधन. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1996 मध्ये बियास नदीच्या प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व स्वीकारले. मात्र येथेही लाभार्थी, म्हणजे ज्याच्यासाठी सांभाळायचे तो, माणूसच असतो. अहिंसेला परमधर्म मानणारा विचारेल की, परवान्याने दिवसा मारलेल्या आणि रात्री चोरून मारलेल्या हरणाच्या वेदनेत फरक कोणता? हा आक्षेप खरा आहे आणि कोणत्याही युक्तिवादाने तो पुसला जात नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील सूनाध्यक्ष, म्हणजे कत्तलखान्यावरील अधिकारी, अभय मिळालेल्या प्राण्यांना मारणाऱ्यास दंड करी आणि मांसाच्या विक्रीचेही नियमन करी; राज्यसत्तेने जीवापेक्षा मर्यादेचे रक्षण केल्याचा हा फार जुना दाखला आहे.

तरीही दिव्याच्या झोतावरील बंदीत काही अधिक आहे. प्राण्यांची संख्याच राखायची असती, तर हंगाम व मारण्याची कमाल संख्या ठरवणे पुरले असते. रात्रीच्या गोळीबाराने माणसांना होणारा धोका हे बंदीचे एक कारण असले, तरी पळून जाण्याची संधी प्राण्याला मिळालीच पाहिजे, ही शिकाऱ्यांमधील जुनी नीतीही तिच्यामागे उभी आहे, आणि ती संधी त्या एका हरणाची असते, जनतेची नव्हे. ही नीती मान्य करणाऱ्या कायद्याने प्राण्याला लाभार्थी मानण्याचे पुढचे पाऊल टाकलेले नाही. ते टाकले जात नाही तोवर हे विश्वस्तपण अपुरेच राहील.