दयेची किंमत कोणी भरावी?



करुणा आणि सत्यनिष्ठा ही ख्रिस्ती जीवनाची दोन लक्षणे आहेत, हे आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. व्यासपीठावरून या दोघींची नावे नेहमी जोडीने घेतली जातात आणि तेथे त्यांच्यात कधी भांडण होत नाही. परंतु उपासना आटोपून आपण घरी, कचेरीत, बाजारात परततो, तेव्हा मात्र त्यांची जोडी फुटते. सत्य बोलावे तर कोणाच्या तरी पोटावर पाय येतो. दया करावी तर थोडे असत्य पदरी घ्यावे लागते. अशा वेळी ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडला नाही, माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे पडला. म्हणून ती चूक आधी आपणांपुढे ठेवतो.

मी निवृत्त शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका कुटुंबातील भगिनी संध्याकाळच्या वेळी घरी आल्या. सोबत दोन लहान मुले होती. त्यांचे पती वाहनचालक; सहा महिने घरी बसून होते. एका शाळेत मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीवर त्यांना काम मिळण्यासारखे होते, पण ओळखीच्या प्रतिष्ठित व्यक्तीचे शिफारसपत्र हवे होते. “गुरुजी, तुमच्या एका शब्दानं आमची चूल पेटेल,” एवढेच त्या म्हणाल्या. मी कागद घेतला आणि नेहमीच्या पद्धतीने लिहिले की, हे गृहस्थ माझ्या बारा वर्षांच्या परिचयाचे असून कष्टाळू, वक्तशीर व निर्व्यसनी आहेत. तीन विशेषणांपैकी दोन खरी होती. तिसरे खोटे आहे हे मला ठाऊक होते; त्या भगिनींनाही ठाऊक होते. सही करताना हात अडखळला नाही, हे मी कबूल करतो. उलट, त्या रात्री प्रार्थना करताना आज आपल्या हातून एक सत्कृत्य घडले असे समाधान मला वाटत होते.

चार महिन्यांनी ती गाडी रस्त्याकडेच्या खांबावर आदळली. देवाच्या दयेने कोणी दगावले नाही, परंतु आठ वर्षांच्या एका मुलीच्या हाताचे हाड मोडले. चालक प्यालेला होता. तिचे वडील शिंपीकाम करणारे. शाळेत त्यांना माझे पत्र दाखवण्यात आले आणि ते थेट माझ्या दारी आले. ते रागावले नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, तुम्हांला ठाऊक होतं का?”

मी गप्प राहिलो. ते काही वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

वाचकहो, त्या दिवसापासून माझ्या मनात एक विचार घर करून राहिला आहे. मी दया केली असे मला वाटत होते. पण त्या दयेपायी माझे काय खर्च झाले? एक कागद आणि थोडी शाई. तिची खरी किंमत भरली ती आठ वर्षांच्या एका मुलीने, जिला कोणी काही विचारले नव्हते. जी दया असत्याच्या आधाराने केली जाते, तिची किंमत बहुधा दया करणारा भरत नाही. ती कोणा अनोळखी, अनुपस्थित माणसाच्या माथी मारली जाते. तो आपल्या डोळ्यांसमोर नसतो, म्हणून आपणांस ती दया स्वस्त वाटते.

पवित्र शास्त्र या दोन गुणांना वेगळे ठेवत नाही, हे त्यानंतर मला नव्याने दिसू लागले. लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून पाहा. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा तेथे आहे. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राखावे, मजुराची मजुरी रात्रभर आपणांजवळ ठेवून घेऊ नये, हेही तेथेच आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी तराजू, वजने व मापे खरी ठेवण्याचा आदेश आहे. सरवा वेचू देणारा शेतकरी आणि खरे माप घालणारा व्यापारी ही देवाच्या दृष्टीने दोन वेगळी माणसे नाहीत. आपण मात्र त्यांची फाळणी केली आहे. दानधर्म मंडळीच्या खात्यावर आणि तराजू दुकानाच्या खात्यावर!

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. त्यातील एका लहानशा तपशिलाकडे आपले लक्ष वेधतो. त्या मनुष्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावला, तो आपला. ज्या जनावरावर त्याला बसवले, तेही आपले. आणि उतारशाळेच्या रक्षकाला जे दोन दीनार दिले, तेही आपल्याच कनवटीचे. एक दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दाखल्यावरून आपणांस ठाऊक आहे. इतकेच नव्हे, जास्त खर्च झाल्यास परत येताना तो फेडण्याचे वचनही त्याने दिले. आता विचार करा, त्या रक्षकाने या परक्या वाटसरूच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? त्या शब्दात खरेपणा नसता, तर शोमरोन्याची करुणा उतारशाळेच्या उंबरठ्यावरच संपली असती. त्याची दया त्याच्या सचोटीच्या पायांवर पुढे चालत गेली.

येथे कोणी म्हणेल, “मग काय, सत्य बोलून त्या भगिनींना दारातूनच परत पाठवावयाचे होते?” हा प्रश्न रास्त आहे. करुणेवाचून असत्याला जसा ऊत येतो, तसाच करुणेवाचून सत्याचाही दगड होतो. आपल्या मंडळ्यांत असे स्पष्टवक्ते काही कमी नाहीत. दुसऱ्याचे व्यसन, दुसऱ्याच्या मुलीचे लग्न, दुसऱ्याचे कर्ज यांविषयी ते अगदी खरे तेच बोलतात आणि बोलून झाल्यावर घरी जाऊन स्वस्थ जेवतात. त्यांच्या सत्याचीही किंमत दुसराच भरतो. म्हणजे माझी खोटी दया आणि त्यांचे कोरडे सत्य ही सख्खी भावंडेच म्हणावयाची. दोहोंतही बोलणाऱ्याचे काही जात नाही.

प्रभू येशूची रीत निराळी होती. श्रीमंत तरुणाची हकीकत तीन शुभवर्तमानांत आहे, पण येशूने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि त्याला त्याच्यावर प्रीती वाटली, ही नोंद फक्त मार्काने केली आहे. त्या प्रीतीनंतर लगेच आले ते अत्यंत कठीण सत्य: सर्व काही विकून गोरगरिबांना देण्याचे. प्रीती होती म्हणून सत्य गाळले नाही आणि सत्य सांगावयाचे होते म्हणून प्रीती आवरली नाही. तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, तरीही प्रभूने अट सैल केली नाही.

मग मी काय करावयास हवे होते? आज मला ते स्पष्ट दिसते. त्या भगिनींना मी सांगावयास हवे होते की, हे पत्र मी देणार नाही. पण आजपासून तुमच्या मुलांच्या शाळेच्या शुल्काचा भार मी उचलतो आणि उद्या सकाळी तुमच्या पतींना भेटावयास येतो. व्यसनी माणसाला मदतीचा मार्ग नव्हता असे नाही. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच कार्य करीत आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्या देशातही अनेक गावी भरतात. त्या सभांची पद्धत विचार करण्याजोगी आहे. तेथे कोणी कोणाला उपदेश करीत नाही. बोलणारा प्रथम स्वतःविषयीचे सत्य सांगतो. आपण मद्यपी आहोत हे सर्वांदेखत मान्य करतो. आणि ते ऐकून नवख्या माणसाला स्वतःचे सत्य बोलण्याचे बळ येते. येथे सत्य हीच करुणा होते, कारण बोलणाऱ्याने आधी स्वतःला उघडे केलेले असते. त्या गृहस्थांना तेथवर नेण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या असत्या. पत्र लिहावयास पाच मिनिटे लागली. मी पाच मिनिटांची दया निवडली.

आणखी एक शंका घेऊ. जीव वाचविण्यासाठी खोटे बोलावे लागले तर? हा वाद फार जुना आहे. इ. स. ३९५ च्या सुमारास संत ऑगस्टिन यांनी असत्य भाषणावर स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि कोणत्याही कारणास्तव खोटे बोलू नये असे मत मांडले. दुसऱ्या बाजूस निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील शिप्रा व पुवा या सुइणी आहेत. इब्र्यांचे मुलगे मारण्याची फारोची आज्ञा त्यांनी मोडली, त्याच्यापुढे सबब सांगितली आणि देवाने त्यांचे कल्याण केले. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधील टेन बूम कुटुंबाने यहुद्यांना घरात दडविले. १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांना अटक झाली; वृद्ध पित्याचा थोड्याच दिवसांत बंदिवासात अंत झाला आणि बेट्सी ही कन्या त्याच वर्षी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मृत्यू पावली. या मोठ्या वादाचा निकाल मी देऊ शकत नाही. पण एक गोष्ट दिसते. त्या सुइणींनी आणि त्या कुटुंबाने दयेची किंमत आपल्या प्राणांनी भरण्याची तयारी ठेवली होती. त्यांची नावे पुढे करून आपण आपल्या फुकटच्या असत्याचे समर्थन करू लागलो, तर तो त्यांचा अपमान होईल.

आपल्याच मातीतील उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंचे पाहा. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. संस्थेत मुलींना धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. आपली कन्या मनोरमा हिच्यासह त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून मोठे वादळ उठले. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाच्या सभासदांनी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची बाजू वेगळी होती आणि तिच्यावर आजही चर्चा होते. मला दिसते ते एवढेच की, दार लावून घेणे अगदी सोपे होते. संस्था वाचली असती, देणग्या टिकल्या असत्या, आणि हे सारे विधवांच्या भल्यासाठीच, असे मनाला समजावताही आले असते. परंतु मग त्या पालकांचा विश्वास एका लपविलेल्या गोष्टीवर उभा राहिला असता. रमाबाईंनी पालकांना डोळे उघडे ठेवून निर्णय घेऊ दिला आणि होणारी हानी सोसली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना केडगावी आणून त्यांनी आसरा दिला. सत्यापायी जिने एकदा हानी सोसली होती, तिचे हात करुणेसाठी रिकामे पडले नाहीत.

वाचकहो, आपण नागपुरात असा की इंदुरात, बडोद्यात की बेळगावात, आपणांपुढे रमाबाईंएवढा प्रसंग क्वचित येईल. आपले प्रसंग लहान असतात. भाच्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून उत्पन्नाचा खोटा दाखला काढताना, यादीतून ज्याचे नाव खाली सरकते, तो खरोखरीच गरीब असलेला विद्यार्थी आपणांस दिसत नाही. आजारपणाचे खोटे प्रमाणपत्र देऊन घेतलेल्या रजेत आपले काम शेजारच्या मेजावरचा सहकारी करतो. मरणासन्न आप्ताला आजार कळू द्यावयाचा नाही असे आपण मायेने ठरवितो. पण कोणाची क्षमा मागावयाची, कोणाला जवळ बोलवावयाचे, याची संधी त्याच्या हातून निसटते. घरकामाच्या बाईला नाताळात आपण साडी देतो, पण महिन्याचा पगार दहा तारखेपर्यंत रखडवितो; आणि ती साडी मात्र दया म्हणून मोजतो! जक्कयाने असे केले नाही. अर्धे द्रव्य दरिद्र्यांना देण्याची प्रतिज्ञा करताना, ज्यांना फसविले त्यांना चौपट परत देण्याचेही त्याने त्याच दमात सांगितले. नियमशास्त्राने पापकबुलीनंतर मूळ रक्कम व तिचा पाचवा हिस्सा एवढेच मागितले होते. दान हे परतफेडीच्या जागी चालत नाही, हे त्या जकातदाराला कळले होते.

म्हणून एक साधी कसोटी आपणांपुढे ठेवतो. दया करताना स्वतःस विचारावे: हिची किंमत कोण भरणार आहे? सत्य बोलतानाही तेच विचारावे. उत्तरात आपले स्वतःचे नाव आले नाही, तर जरा थांबावे. वधस्तंभाकडे पाहणाऱ्यांना ही कसोटी अपरिचित वाटू नये. तेथे पापाला पाप म्हटले गेले, पापी मनुष्यावर दया झाली, आणि त्या दयेचे मोल प्रभूने स्वतः दिले.

आठवड्यानंतर मी त्या शिंपीबंधूंच्या घरी गेलो. “होय, मला ठाऊक होतं,” एवढेच मला म्हणता आले. त्यांनी मला बसावयास खुर्ची दिली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. औषधोपचाराचा खर्च मी देऊ केला. त्यांनी तो घेतला, आणि त्यांनी तो घेतला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शाळेत जाऊन माझे पत्र मी मागे घेतले. त्या चालक बंधूंच्या घरीही गेलो. जी वाट आधी धरावयाची होती, ती उशिरा धरली. ते अधूनमधून घसरतात, पुन्हा उभे राहतात, आणि मी त्यांच्यासोबत सभेला जातो.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. कधी रस्त्यात भेटली तर नमस्कार करते. तिचा तो हात कोपरातून पुरता सरळ होत नाही. तो पाहिला की आपण लिहिलेले एक विशेषण मला आठवते. प्रभू आपणां सर्वांना असे शब्द लिहिण्यापासून राखो, आणि ज्या शब्दांची किंमत आपण स्वतः भरू शकू असे शब्द आपल्या मुखी देवो.