पेलेल एवढा उजेड

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोन कामे माझ्या वाट्याला येतात. माळ्यावरचा आकाशकंदील खाली काढायचा आणि गेल्या वर्षीच्या पणत्या धुऊन वाळत घालायच्या. यंदा मी पणत्या धूत बसलो होतो, तेव्हा धाकटी लेक जवळ येऊन म्हणाली, “बाबा, लाईटची माळ आहे ना आपल्याकडे? मग पणत्या कशाला?” मी उत्तर देणार तोच स्वयंपाकघरातून प्रश्न आला, “अहो, लाईटचं बिल भरलंत का?” आणि त्याच वेळी ओटीवरून आमच्या अण्णांनी फर्मावले, “सूनबाई, रात्री मला काहीतरी लाईटच कर बरं का!”

एका मिनिटात तीन माणसांनी एकच शब्द तीन अर्थांनी वापरला आणि कोणालाही कोशात पाहावे लागले नाही! मी आपला मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना इंग्रजी शिकवणारा मास्तर. तीन उत्तरे द्यायची सोडून हातातली पणती तशीच धरून त्या शब्दाचाच विचार करीत बसलो.

इंग्रजांचा हा शब्द म्हणजे एक बारा गावचे पाणी प्यालेला गडी आहे. सूर्याचा प्रकाश म्हणजे लाईट आणि पिसासारखी हलकी वस्तू तीही लाईटच. फिका रंग लाईट, सावध झोप लाईट, सौम्य शिक्षाही लाईट. विडी पेटवायला काडी हवी असली तरी साहेब ‘लाईट’च मागतो. आकाशवाणीवर ज्याला आपण सुगम संगीत म्हणतो ते त्यांचे लाईट म्युझिक. ‘लाईट इयर’ हे नाव ऐकून मुलांना ते एखादे वर्षच वाटते. पण ते असते अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटरांचे. 25 ऑक्टोबर 1854 रोजी क्रिमियाच्या युद्धात एका चुकीच्या समजुतीपायी तोफांच्या तोंडी गेलेल्या ‘लाईट ब्रिगेड’वर टेनिसनने कविता केली. तिचे नाव ऐकले की माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी ‘प्रकाशाची पलटण’ असा अर्थ सांगतोच. ते बिचारे हलक्या घोडदळाचे स्वार होते.

गंमत अशी, की हा शब्द मुळात एक नाहीच. दोन वेगळ्या घराण्यांतले दोन शब्द, बोलता बोलता त्यांचा उच्चार एक झाला आणि लिहिणेही एक झाले. जर्मन भाषेत ते अजून वेगळे नांदतात. उजेडाला ‘लिख्त’ आणि हलक्याला ‘लाइख्त’. त्यांतला हलका ‘लाईट’ आपल्या ‘लघु’चा दूरचा भाऊ आहे, तर उजेडाचा ‘लाईट’ संस्कृत ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूचा नातलग. आपली ‘रुची’ याच धातूतून आलेली. आणखी एक वापर तर मला फारच आवडतो. घोड्यावरून खाली उतरणे यालाही जुन्या इंग्रजीत हाच हलकेपणाचा शब्द होता. स्वार उतरला म्हणजे घोडा हलका होतो ना! आगगाडीतून उतरण्याला वापरतात तो ‘अलाईट’ हा शब्द त्यातूनच आलेला आहे. उतरणारा स्वार, पण नाव पडले ते घोड्याला वाटणाऱ्या सुखावरून!

आपल्या मराठीने उजेड आणि हलकेपणा वेगळे ठेवले खरे. पण दोघांनाही तिने बरेच काही शिकवले आहे. सणाला दिवे लावावेत, परीक्षेत मात्र लावू नयेत. समईचा उजेड पडला तर शुभ, चिरंजीवांनी उजेड पाडला तर कपाळाला हात. मन हलके झाले तर बरे वाटते. माणूस हलका निघाला तर वाईट वाटते. हा शेवटचा अर्थ वाचकांनी जरा ध्यानात ठेवावा. कारण मला जे सांगायचे आहे ते त्यापाशीच अडून बसले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर हा शब्द लिहिला आणि प्रत्येकाला त्याचे एकेक वाक्य करायला सांगितले. कोणी सूर्य आणला, कोणी कापूस आणला. तिसऱ्या बाकावरच्या एका अबोल मुलाने उठून वाचले, “माय फादर इज लाईट.”

मला हसू आले. “अरे, तुझे वडील बल्ब आहेत की कापूस?” असे मी विचारले. वर्ग खदखदला. मागून कोणीतरी त्याचे मराठी केले, “सर, ह्याचे वडील हलके आहेत!” मग तर हशाला ऊतच आला. मी त्या मुलाला दटावले नाही. त्या हशातला थोडा वाटा माझाही होता आणि मास्तरालाही टाळी आवडते. मी त्याची वही घेतली, तांबड्या शाईने त्यात भर घातली आणि वडील हे आमच्या घराचा प्रकाश आहेत, असे एक गोमटे वाक्य तयार करून दिले. त्याने ते निमूटपणे सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढले. एका बिघडलेल्या वाक्यावर आपण प्रकाश पाडला, या समाधानात मी घरी गेलो.

तो मुलगा रोज पहिल्या तासाला उशिरा येई. पंधरा दिवसांनी त्याचे कारण विचारावे म्हणून सकाळी शाळेत जाताना मी त्याच्या घराकडे वळलो. दारातच थबकलो. तो तेरा वर्षांचा मुलगा वडिलांना दोन्ही हातांवर उचलून आतल्या खोलीतून ओट्यावर आणत होता, कोवळ्या उन्हात बसवायला. वडील बरेच महिने अंथरुणाला खिळलेले. अंगावर पांघरूण होते, पण त्याखाली माणूस आहे असे वाटत नव्हते. मला पाहून ते म्हणाले, “या मास्तर, बसा.” मुलाने त्यांच्या पाठीशी उशी लावली आणि ओशाळून मला म्हणाला, “आधी आई आणि मी दोघं लागायचो, सर. आता मी एकटाच उचलतो.”

लाईट हा शब्द त्याने उच्चारला नाही. त्याची गरजही नव्हती. उशिराचे कारण विचारायला गेलेला मी, ते न विचारताच परतलो.

दोन रात्री मला झोप लागली नाही. त्याचे वाक्य बरोबर होते. वर्गातल्या सगळ्या वाक्यांत तेच एक वाक्य पुस्तकातून नव्हे, तर हातांतून आलेले होते. आणि मी नेमके तेच खोडले होते. चूक चारचौघांत झाली, तेव्हा ती चारचौघांतच निस्तरायला हवी, याविषयी मला शंका नव्हती. पण कशी? सगळी हकीकत सांगून टाकावी, तर त्याच्या घरातले दुःख चाळीस मुलांपुढे उघडे पडणार. उद्यापासून ती मुले त्याच्याकडे दयेने बघणार. आणि दया हेही एक ओझेच. त्याने तर आधीच पुष्कळ उचलले होते. मग गप्प बसावे? ते सोयीचे होते. आणि ते सोयीचे होते म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटेना.

तिसऱ्या दिवशी मी वर्गात त्याची वही मागून घेतली आणि म्हणालो, “मुलांनो, त्या दिवशीचे याचे वाक्य अगदी शुद्ध होते. चूक माझ्या तांबड्या शाईची होती, आणि हसलो ती चूक शाईपेक्षा मोठी होती.” आणि माझेच शब्द मी त्यांच्यादेखत खोडले. मागून प्रश्न आलाच, “पण सर, त्याचा अर्थ काय?” मी म्हणालो, “माणसाच्या वजनाविषयी असे म्हणता येते.” एवढेच. त्या मुलाने एकदा वर पाहिले आणि वही दप्तरात ठेवली.

मी केले ते पुरेसे होते काय? आजही मला निश्चित सांगता येत नाही. ज्याने ‘हलके’ म्हणून ओरड केली, त्या मुलाला आपण काय बोललो हे कळायला नको होते काय? अर्धे सत्य सांगून मी त्याचे शिक्षण अर्धेच ठेवले, असे कोणी म्हटले तर माझ्यापाशी चोख उत्तर नाही. अंधाराचा आसरा अन्यायालाही हवा असतो, हेही मला ठाऊक आहे. पण जो अंधार दुसऱ्याच्या छातीवर बसलेला असतो तो वेगळा, आणि कोणी आपल्या जखमेवर धरलेली सावली वेगळी. पहिला फोडलाच पाहिजे. दुसरी बाजूला सारण्याचा अधिकार मास्तराला कोणी दिला?

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. आपल्या चुकीवर पाडायचा तेवढा प्रकाश पाडावा, कारण त्याचा भार आपल्यालाच सोसायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखावर मात्र त्याला पेलेल एवढाच उजेड धरावा. इंग्रजीत हे दोन शब्द केवळ योगायोगाने एक झाले. पण माझ्यापुरता मी त्या योगायोगाचा उपयोग करून घेतला आहे. एखाद्यावर प्रकाश पाडण्यापूर्वी मी मनाशी विचारतो, याने तो हलका होणार की जड? जड होणार असेल, तर निदान आपण त्याच्या पाठीवरून खाली तरी उतरावे.

“बाबा, सांगा ना, पणत्या कशाला?” लेक अजून उभीच होती.

मी पणती पुसून तिच्या हातात दिली. म्हटले, “माळ भिंतीवर लागते, तिथेच राहते. ही तुला उचलून नेता येते. वारा आला तर तळहाताचा आडोसा करता येतो. आणि कोणाच्या डोळ्यांवर येत असेल, तर जरा बाजूलाही ठेवता येते.”

तिला ते कितपत पटले कोण जाणे. पण वाळलेल्या पणत्या मोजून तिने सुपात भरल्या. आणि मी आधी लाईटचे बिल भरायला उठलो.