हाव जी

चिंतामणी बाप्पा,

कळंबला तुझ्या दर्शनाला यायचं तर पायऱ्या उतराव्या लागतात. आज उतरताना गुडघे बोलले. पस्तीस वर्षं कृषी सहायक म्हणून मीच बोलत आलो, आता त्यांची पाळी. तुझे कान सुपाएवढे म्हणतात, म्हणून जरा लांबण लावतो. ऐकून घे.

२०१७चा खरीप तुला आठवत असेल. कपाशीची पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याला लागत होती. फवारणारा तिच्यात शिरला की वरून दिसायचा नाही, आणि पंपातून उडालेलं सगळं त्याच्याच अंगावर, तोंडावर यायचं. हंगाम संपेपर्यंत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले.

त्याआधी मारेगावकडच्या एका कोलामपोडावर, कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, मी सभा घेतली होती. बाभळीखाली बॅनर बांधला, वीस मिनिटं बोललो. मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, उपाशीपोटी फवारू नका. कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन वर धरून दाखवला: त्यातला लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. शेवटी विचारलं, समजलं ना? सगळे म्हणाले, हाव जी. वहीवर सह्या घेतल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांचे अंगठे घेतले, फोटो काढला आणि उन्हं कलायच्या आत निघालो.

त्या सभेतलाच एकजण पुढे दवाखान्यात खाटेवर दिसला. डोळे बारीक, लाळ गळत होती, बोलायला दम नव्हता. चार दिवसांनी बोलता झाला तेव्हा म्हणाला, "सायेब, तुमीच तं सांगतलं होतं. हिरवा म्हंजे पिकाचं."

मी तसं सांगितलं नव्हतं रे बाप्पा. पण त्याने ऐकलं ते तसंच. घरात तो कोलामी बोलतो, मी त्याच्याशी पुस्तकी मराठी बोललो, तीही भराभर, कारण पुढच्या गावची सभा होती. साहेब माणसाला "नाही समजलं" म्हणायची आपल्याकडे रीत नाही. त्याची "हाव जी" ही माझ्या मानाची होती. मी ती समजुतीची पावती म्हणून फाडली.

चौकशी आली तेव्हा मी वही पुढे केली. तारीख होती, विषय होता, अंगठे होते. नोंद एका अक्षराने खोटी नव्हती, आणि तेच मला अजून बोचतं. ज्यांना कळलंच नव्हतं त्यांच्या अंगठ्यांनी माझी नोकरी वाचवली. तो माणूस वाचला म्हणून मी तुला नारळ फोडला होता, पण हे सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

आणखी एक. मी त्या डब्याला औषध म्हणालो. सगळेच म्हणतात: दुकानदार म्हणतो, शेतकरी म्हणतो, बायको शिदोरी देताना म्हणते. आणि आपल्याच जिल्ह्यात "त्याने औषध घेतलं" एवढंच कोणी म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही, माणसं टोपी काढतात. एकच शब्द शेताला जीव लावतो आणि घराचा जीव घेतो. माझ्या खात्याच्या माणसाने तरी त्याला विष म्हणायला हवं होतं. विष म्हटलं असतं तर पोरांनी डबा धुऊन पाण्याला घेतला नसता. जिभेची सोय झाली तेवढी.

घरचा माणूस असा गेलेल्या बाईलाही मी एकदा असाच एक शब्द देऊन आलो होतो. शेतकरी आत्महत्येच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, एवढंच सांगायचं होतं. अपात्र, म्हटलं. ती म्हणाली, "कोन? थे का मी?" मी कागद आवरत होतो.

मग जानेवारी २०१९मध्ये यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि मग येऊ नका कळवलं. पाहुण्याला निरोप धाडून परतवणं आपल्या वऱ्हाडात कुठल्या लग्नात तरी चालतं का? त्यांचं न झालेलं भाषण वर्तमानपत्रांतून घरोघर वाचलं गेलं, ते वेगळं. उद्घाटन केलं ते याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, शेतकऱ्याच्या विधवेने. अशा बायांच्या दारात मी उभ्याउभ्या किती बोललो असेन. त्यातली एक सबंध बोलतेय आणि मी मधे बोलत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. तेही मधे बोलता येत नव्हतं म्हणून.

मी मोठं काही मागत नाही. वाचा शुद्ध कर वगैरे ऋषींनी मागावं. मला एवढंच दे की सांगून झाल्यावर "समजलं ना?" ऐवजी "आता तुमी मले सांगा" म्हणता यावं, आणि समोरचा चुकला तर माझा आवाज चढू नये. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणता यावं. ग्रुपवर आलेलं फवारणीचं नवं मिश्रण पुढे ढकलायला अंगठा शिवशिवतो, तो आवर. सुनेचं वाक्य पुरं होऊ दे. ही मागणी तिच्याच सांगण्यावरून.

उद्या पोडावर पुन्हा सभा आहे. मी रिटायर झालो तरी पोरांनी बोलावलं. तिथली एक मुलगी नर्सिंग शिकलीय, तीच कोलामीत सांगणार आहे. विषाला त्यांच्याकडे काय म्हणतात ते मी तिला विचारलं. तिने सांगितलं, मला नीट उच्चारता आलं नाही, आणि पोडावरची पोरं खो खो हसली.

मला फक्त डबा वर धरून उभं राहायचं आहे. तेवढा वेळ मला गप्प ठेव, बाप्पा.