पाचशे रुपयांची हरकत

गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून चलान पडले की जालन्यात दोन गोष्टी होतात. बहुतेक जण चडफडत पैसे भरतात. ज्यांची ओळख असते ते कुणाला तरी फोन लावतात. तिसरा मार्ग कायद्याने दिला आहे, तो म्हणजे लेखी हरकत घेणे. पाचशे रुपयांसाठी कोण एवढा खटाटोप करणार, असे म्हणून आपण तो सोडून देतो. माझ्या मते हा खटाटोप करायलाच हवा, कारण गाडी लावायची कुठे, हे शहराला विचारण्याची ती एक हक्काची जागा आहे.

मुळात चलान हा आरोप असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे शिक्षा ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा. कलम २०० खाली ठरावीक रक्कम घेऊन प्रकरण तडजोडीने मिटवता येते आणि ती रक्कम वाहतूक पोलिस स्वीकारू शकतात. राज्यात डिसेंबर २०२१ पासून ती पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास १,५०० रुपये आहे. पैसे भरले की प्रकरण संपते. तिथे फलक होता का, तो रस्त्यावरून दिसत होता का, ती जागा गाड्यांसाठी बंद असल्याचा आदेश कुणी आणि कधी काढला, हे सगळे प्रश्नही तिथेच संपतात.

सगळ्याच चलानांवर हरकत घ्यावी असे मी म्हणणार नाही. चौकाच्या तोंडाशी, फुटपाथवर, दुसऱ्याची वाट अडवून लावलेल्या गाडीला फलकाची गरज नसते. मामा चौकात किंवा सिंधी बाजारात भर गर्दीच्या वेळी एका आडव्या गाडीमुळे रुग्णवाहिका अडकली, तर त्या माणसाने दंड भरावा आणि पुन्हा तसे करू नये. पण गाडी बेवारस किंवा रहदारीला धोकादायक नसेल, तर कलम १२७ पोलिसांना ती उचलण्याची मुभा देते ती ‘कायद्याने मनाई असलेल्या’ जागेपुरती. मनाई आहे हे दाखवून देणे मनाई करणाऱ्याचे काम आहे.

आणि इथे महापालिकेचा संबंध येतो. गाड्या उभ्या करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवाव्यात, असे याच कायद्याचे कलम ११७ सांगते. विकास आराखड्यात वाहनतळासाठी जमीन राखून ठेवायची ती महापालिकेनेच. तीही दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही आणि जमीनमालकाने नोटीस दिल्यावर मिळालेली मुदतही वाया घालवली, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आरक्षण रद्द होते. त्या अधिनियमातले हे कलमही १२७ च आहे. एका १२७ ने नागरिकाची गाडी उचलली जाते, दुसऱ्या १२७ ने ती लावायची जागा हातची जाते. पहिल्याची किंमत तासाभरात वसूल होते. दुसऱ्याचा हिशेब कुणी मागत नाही.

मोंढ्यात बियाणे घ्यायला घनसावंगीहून किंवा मंठ्याहून आलेल्या शेतकऱ्याला हे जास्त जाचते. बाजार जुना, रस्ते अरुंद आणि त्याला शहराच्या खाचाखोचा ठाऊक नाहीत. हरकत घेऊन कोर्टात उभे राहायचे तर एक दिवस बुडतो, येण्याजाण्याचा खर्च होतो आणि तो दंडाहून जड जातो. म्हणून तो भरून टाकतो किंवा लोकअदालतीची वाट पाहतो. लोकअदालतीत रक्कम कमी होईलही, पण तिथेही समझोताच होतो. फलक होता की नव्हता, यावर निकाल मिळत नाही. हक्क बजावण्याचा खर्च दंडापेक्षा जास्त असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने, आधी लंडनमध्ये, असे दंड फौजदारी प्रक्रियेतून काढून स्थानिक कौन्सिलांकडे दिले. तिथे कौन्सिलने हरकत फेटाळली तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते, तेही घरबसल्या. फलक किंवा रस्त्यावरचे पट्टे नियमाप्रमाणे नसतील, तर दंड रद्द होऊ शकतो. दंड लावणारी आणि जागा ठरवणारी संस्था तिथे एकच असल्याने तिला दोन्हींचे उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे पोलिस महापालिकेकडे बोट दाखवू शकतात, महापालिका पोलिसांकडे.

पुढे तर रस्त्यावर विचारायला माणूसही नसेल. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने वाहतुकीवरच्या कॅमेऱ्यांसाठी नियम केले. त्यातल्या १३२ शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली १९ आहेत आणि त्यांत जालना आहे. चुकीच्या जागी गाडी लावणे हा गुन्हाही त्या नियमांत येतो. नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक लावायचा, ही बंधने मात्र त्याच नियमांनी यंत्रणेवर घातली आहेत. ती पाळली गेली का, हे हरकत घेतल्याखेरीज तपासले जाणार नाही.

ओळखीने रद्द झालेले चलान एकाच माणसाला सोडवते आणि मागे काहीच उरत नाही. लेखी हरकतीचा कागद उरतो. त्याच जागी उद्या ज्याची पावती फाटेल, त्याला तो दाखवता येतो.

त्यासाठी वकीलच लागतो असे नाही. गाडी लावली त्या जागेचे फोटो रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून घ्यावेत. माहिती अधिकारात प्रत्येकी दहा रुपयांचा अर्ज करून, या रस्त्यावर मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत पोलिसांकडे आणि वाहनतळांच्या आरक्षणांची यादी महापालिकेकडे मागावी. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. जालन्याची नगरपरिषद २०२३ मध्ये महापालिका झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली, म्हणजे विचारायला आता निवडून दिलेली माणसे आहेत. आलेल्या उत्तराची एक प्रत हरकतीला जोडावी आणि दुसरी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या हाती द्यावी.