वजनकाटा आणि न्यायासन

बालाघाटातील आमच्या मंडळीत मी बरीच वर्षे शब्बाथ शाळेचा वर्ग घेत आहे. एका रविवारी धडा होता इंद्रियदमनाचा. “जो खाण्यावर ताबा ठेवीत नाही, त्याचे शरीरच त्याच्याविरुद्ध साक्ष देते,” असे मी मोठ्या आवेशाने सांगितले. तोच वर्गातली मुले वळून एका स्थूल मुलीकडे पाहू लागली. त्या दिवशी उपासनेनंतर प्रीतिभोजन होते. तिने ताटाला हातही लावला नाही. मी सत्य शिकविले की एका लेकरावर खोटा आरोप ठेवला, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडीत नाही.

खादाडपणा हे पाप आहे, याविषयी वाद नाही. परंतु लठ्ठ तो खादाड आणि सडपातळ तो संयमी, हे आपण कशावरून ठरविले? डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० प्रौढांचा एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरचे अन्न खाऊन ते वाढले, त्या आईबापांच्या वजनाशी त्यांच्या वजनाचा संबंध दिसला नाही. जन्मदात्यांच्या वजनाशी मात्र दिसला. पुढे १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन ह्या संप्रेरकाचा शोध लावला. शरीरातील चरबी हे द्रव्य रक्तात सोडून आपला साठा मेंदूला कळविते. मनुष्य निग्रहाने वजन उतरवितो तेव्हा लेप्टिनही घटते. मग मेंदू जणू दुष्काळ पडला असे समजून भूक वाढवितो आणि शरीराचा खर्च आवळतो. कष्टाने घटविलेले वजन पुष्कळांचे परत येते ते ह्यामुळेही. त्यात केवळ निश्चयाचा दुबळेपणा पाहणे हा अन्याय होय.

बरे, सडपातळपणाची साक्ष तरी कितपत खरी? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साऊदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. तरी आपल्या ह्या चिमुकल्या देहांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. काटा रोगाविषयीही पुरते सांगत नाही, तर अंतःकरणाविषयी काय सांगणार?

सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी इंजेक्शने वजन घटविण्यासाठी २०२५ पासून भारतातही मिळू लागली आहेत. ही इंद्रियदमनातून काढलेली पळवाट आहे, असे कोणी म्हणतात. परंतु रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यास आपण अल्पविश्वासी म्हणत नाही. हे औषधही थांबविले की बहुतेकांचे वजन पुन्हा वाढू लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास ते मनुष्याची भूक हलकी करील. शेजाऱ्याची भूक ओळखावी, हे मात्र त्याला शिकविणार नाही. खादाडपणाचे खरे ठिकाण तेथे आहे. आपल्याच जिल्ह्यात कुपोषित बालके असताना लग्नाच्या पंगतीत भरले पान टाकून उठणारा सडपातळ मनुष्यही खादाडच नव्हे काय?

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. प्रभूने दोघांनाही दोषी ठरविले नाही. मीही त्या शिष्यांसारखा दोषी शोधीत होतो. पुढच्या रविवारी मी वर्गापुढे माझी चूक कबूल केली.

शिक्षक बंधुभगिनींनो, इंद्रियदमनाचा धडा अवश्य शिकवा. पण तो शिकविताना मुलांच्या नजरा कोणाकडे वळतात, तेही पाहा.